चित्रकार धुरंधर

इतिहास लिहिला जातो तो केवळ अक्षरांनीच, असे नाही. रेषांनी आणि रंगांनीही तो लिहिला जातो. राजे कोणते झाले, लढाया कोठे झाल्या, तह कधी झाले, हे बखरींतून व कागदपत्रांतून कळते. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्या पणजीने लुगडे कसे नेसले होते, विहिरीवर पाणी भरताना तिने घागर कशी धरली होती, लग्नघरी माणसांची लगबग कशी चालली होती, हे सांगण्यास चित्रकारच लागतो. महाराष्ट्राच्या जीवनाचा असा रंगीत इतिहास ज्यांनी आपल्या कुंचल्याने लिहून ठेवला, त्या कलावंतांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे स्थान फार वरचे आहे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे घराणे पाठारे प्रभू ज्ञातीचे. ह्या ज्ञातीची वस्ती मुख्यत्वे मुंबईत असली, तरी महादेवाचे बालपण व शालेय शिक्षण कोल्हापुरातच झाले. कोल्हापूर म्हणजे संस्थानी राजधानी. अंबाबाईचे प्राचीन देवालय, रंकाळ्याचा विस्तीर्ण तलाव, दसऱ्याची स्वारी, हत्ती-घोड्यांचे लवाजमे, आखाड्यांतील मल्ल आणि बाजारात येणारे रांगडे शेतकरी ह्या सर्वांनी त्या नगरीला एक आगळे रूप आले होते. ज्याच्या दृष्टीला पाहण्याची भूक आहे, अशा मुलाला तेथे पाहण्याजोगे पुष्कळ होते. महादेवाला ती भूक उपजतच होती. पाहिलेली वस्तू कागदावर उतरविल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

तो काळ असा होता, की चित्रकलेला उपजीविकेचे साधन मानण्यास कोणी सहसा धजत नसे. सुशिक्षित घरातील मुलाने इंग्रजी शिकावे, मॅट्रिक व्हावे आणि सरकारी कचेरीत किंवा वकिलीत आपले नशीब काढावे, अशी सर्वसाधारण रीत होती. चित्रे काढणे हा रिकामपणाचा छंद समजला जाई. तथापि हवा हळूहळू पालटत होती. त्रावणकोरकडील राजा रविवर्मा यांनी तैलरंगांत रंगविलेल्या पौराणिक चित्रांची कीर्ती देशभर पसरली होती. खुद्द कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या कलाशाळेत शिकून नावारूपास आले होते. कोल्हापूरच्या मुलालाही चित्रकार होता येते, ह्याचे जिवंत उदाहरण अशा रीतीने डोळ्यांसमोर होते.

इ. स. १८९० च्या आरंभी धुरंधर मुंबईस आले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ह्या संस्थेत दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. सर जमशेटजी जीजीभाई ह्या पारशी दानशूराने दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही कलाशाळा सुरू झाली होती. हिंदी कारागिरांना रेखनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देऊन त्यांची कारागिरी सुधारावी, हा तिचा मूळ हेतू. पुढे तेथे चित्रकला व शिल्पकला यांचेही शिक्षण मिळू लागले. शिक्षणपद्धती मात्र सर्वस्वी विलायती होती. विद्यार्थ्याने प्रथम सरळ व वक्र रेषा गिरवाव्या, नंतर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाशाचा अभ्यास करावा, यथादर्शनाचे नियम शिकावे आणि हात बसल्यानंतरच समोर बसलेल्या माणसाचे चित्र काढावयास घ्यावे, असा तेथील शिरस्ता होता. ह्या मार्गाने जाताना अनेकांचा धीर सुटे. धुरंधरांना मात्र ह्या कष्टांची गोडी लागली.

त्या वेळी कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे प्रचंड काम त्यांनी शाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुढील तेरा वर्षांत करवून घेतले होते. विलायतेस पाठविलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनमधील आगीत जळून गेल्या, ही हळहळ लावणारी गोष्ट आहे. ग्रिफिथ्स विलायतेचे खरे. पण येथील माणसे, त्यांचे पोशाख व त्यांचे व्यवसाय हा चित्रांचा उत्तम विषय आहे, हे त्यांनी जाणले होते आणि स्वतःही तशी चित्रे काढली होती. शिष्याने तंत्र गुरूकडून घ्यावे आणि विषय आपल्या घरातून घ्यावा, हा धडा धुरंधरांनी ह्याच वातावरणात गिरविला.

कलाशाळेतील बक्षिसांवर धुरंधरांचे नाव वारंवार झळकू लागले. लवकरच शाळेबाहेरही त्यांची परीक्षा झाली. १८८८ साली मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या वार्षिक प्रदर्शनांवर प्रारंभी युरोपीय चित्रकारांचे व हौशी साहेबलोकांचेच वर्चस्व असे. अशा प्रदर्शनात १८९५ साली धुरंधरांनी एक चित्र मांडले. लक्ष्मी घरात आली का, असा प्रश्न त्याच्या नावातच होता. पाश्चात्त्य पुराणांतील देवतांऐवजी आपल्या घरातील सोवळ्याओवळ्याचे, सणावारांचे, माजघरातले जग ह्या तरुणाने विलायती तंत्राने रंगविले होते. त्या चित्रास सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा मान मिळविणारे धुरंधर हे पहिले भारतीय चित्रकार होत. ज्या दालनात एतद्देशीयाचे चित्र लागणे हेच पुष्कळ, तेथे ते अग्रस्थानी बसले.

ह्या यशापाठोपाठ त्यांस कलाशाळेतच शिक्षकाची जागा मिळाली. जेथे विद्यार्थी म्हणून पाऊल टाकले, तेथेच शिक्षक म्हणून उभे राहण्याचे भाग्य त्यांच्या वाट्यास आले. संसारही मांडला गेला होता. सुखाचे दिवस आले असे वाटत असतानाच काळाने घाला घातला. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ उद्भवली. घरेच्या घरे ओस पडली. लोक शहर सोडून पळू लागले. त्या साथीने धुरंधरांच्या तरुण पत्नी बापूबाई यांना ओढून नेले. ज्या हाताने घरोघरच्या लक्ष्मीचे स्वागत रंगविले, त्याच हातावर स्वतःच्या गृहलक्ष्मीला निरोप देण्याची वेळ आली. असा आघात झाला असता कित्येकांच्या हातून काम गळून पडते. धुरंधरांनी आपले दुःख कामात बुडविले. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांच्या ह्या पत्नी गंगूबाई यांनी त्यांचा संसार पुन्हा उभा केला.

धुरंधरांची खरी शक्ती होती ती त्यांच्या रेखनात. त्यांचा हात विलक्षण चपळ होता. माणूस उभा कसा राहतो, ओझे उचलताना त्याची पाठ कशी वाकते, चालताना स्त्रीच्या पदराला कोठे चुण्या पडतात, हे त्यांची नजर क्षणात टिपून घेई व हात तितक्याच त्वरेने कागदावर उतरवी. मुंबई नगरी म्हणजे नाना जातिजमातींचे संमेलनच. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली कोळीण, ताडाच्या झाडावर चढणारा भंडारी, पागोटेवाला भाटिया व्यापारी, उंच टोपीतला पारशी, घाटावरून आलेला हमाल, नऊवारी लुगडे व नथ ल्यालेली ब्राह्मण स्त्री असे शेकडो नमुने त्यांच्या रेखाटनांत आढळतात. ही चित्रे पाहताना मनुष्याची जात, प्रांत व धंदा त्याच्या पागोट्याच्या बांधणीवरून किंवा लुगड्याच्या नेसणीवरून ओळखता येतो. एखाद्या व्युत्पन्न पंडिताला शब्दांचे जसे सूक्ष्म ज्ञान असावे, तसे धुरंधरांना पोशाखाचे होते.

ह्या गुणामुळे ग्रंथांना चित्रे काढून देण्याचे काम त्यांच्याकडे चालत आले. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी मुंबईच्या गल्लीबोळांतील जीवनावर लिहिलेले पुस्तक १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्यास चित्रे होती धुरंधरांची. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक किंकेड यांनी आपल्याकडील कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. श्रावणात बायका हातात अक्षता घेऊन ज्या वारांच्या कहाण्या ऐकतात, त्याच ह्या कहाण्या होत. १९१४ साली निघालेल्या ह्या पुस्तकातही धुरंधरांचीच चित्रे आहेत. आजीच्या तोंडून ऐकलेल्या कथा सातासमुद्रापलीकडील मुलांपुढे गेल्या, त्या मराठमोळ्या चित्रांचा साज लेवून. पुढे १९२० साली रॉथफील्ड यांचा भारतातील स्त्रियांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या प्रांतांतील व जमातींतील स्त्रियांची धुरंधरांनी काढलेली रंगीत चित्रे हेच त्या ग्रंथाचे मुख्य आकर्षण ठरले.

श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती आपली कला राखून ठेवावी, असे धुरंधरांना कधी वाटले नाही. रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघणारी देवादिकांची रंगीत चित्रे त्या काळी खेडोपाडी पोचत होती. धुरंधरांच्या चित्रांच्याही तशा छापील प्रती निघाल्या व सामान्य माणसाच्या घरातील भिंतीवर लागल्या. त्यांनी पोस्टकार्डांसाठी विनोदी प्रसंग रेखाटले. रेल्वेसाठी भित्तिपत्रके काढली. लहानसहान काम म्हणून त्यांनी ते कधी हेटाळले नाही. एक आण्याचे कार्ड असो अथवा राजवाड्यातील भव्य पट असो, रेषेतील सचोटी दोन्हीकडे सारखीच.

भव्य पटांतही त्यांचा हात अडखळत नसे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते व कलेचे मोठे आश्रयदाते होते. त्यांच्या संग्रहात धुरंधरांच्या कृतींना मानाचे स्थान मिळाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे धुरंधरांनी काढलेले चित्र महाराष्ट्रात विशेष प्रसिद्ध आहे. १६७४ साली रायगडावर झालेल्या त्या सोहळ्याचा दरबार त्यांनी शंभराहून अधिक माणसांनी भरून टाकला आहे. सिंहासनावर महाराज विराजमान झाले आहेत. सभोवती मंत्री, सरदार, मानकरी आपापल्या जागी उभे आहेत. एवढ्या गर्दीतही प्रत्येकाची उभे राहण्याची ढब निराळी आहे. चित्राच्या एका बाजूस इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन महाराजांपुढे लवून मुजरा करीत आहे. ऑक्झेंडन त्या सोहळ्यास हजर होता, ही इतिहासातील गोष्ट आहे. परंतु ज्या चित्रकाराने ती रंगविली तो इंग्रज सरकारचा नोकर होता आणि ज्या देशात ती रंगविली तो देश इंग्रजांच्या अमलाखाली होता, हे ध्यानात आणले म्हणजे त्या लवलेल्या आकृतीचे मोल अधिकच जाणवते. धुरंधर सभा गाजविणारे देशभक्त नव्हते. त्यांना जे म्हणावयाचे होते, ते त्यांचा कुंचला बोलला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भारतीय चित्रकलेत मोठा वाद माजला. कलकत्त्यास हॅवेल व अवनींद्रनाथ टागोर यांनी असे प्रतिपादिले, की विलायती पद्धतीने हुबेहूब चित्रे काढणे म्हणजे आपल्या परंपरेशी फारकत घेणे होय. अजिंठा व मोगल-राजपूत चित्रे यांकडे कलावंतांनी वळावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे मुंबईच्या कलाशाळेवर व तेथील चित्रकारांवर टीकेचा वर्षाव झाला. ह्या टीकेत तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. धुरंधरांच्या काही पौराणिक चित्रांत नाटकी थाट आढळतो, काही ठिकाणी तपशिलाची दाटी होते आणि मागणीनुसार भराभर केलेल्या कामात मनाची खोली उणी पडते. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. समोरचे जग डोळसपणे पाहण्याची जी शिस्त त्यांनी अंगी बाणविली, ती नसती तर त्या काळचे महाराष्ट्रीय जीवन इतक्या नेमकेपणाने आपल्या हाती लागले नसते. तंत्र परके असले, तरी त्या तंत्राने पाहिलेली माणसे आपलीच होती.

वादाच्या धामधुमीतही त्यांचे अध्यापन अखंड चालू होते. ग्रिफिथ्स गेले, बर्न्स आले. बर्न्स गेले, सॉलोमन आले. प्रमुखाच्या खुर्चीवर एकामागून एक इंग्रज अधिकारी बसत गेले आणि धुरंधर त्यांच्या हाताखाली वर्गामागून वर्ग घडवीत राहिले. गुण होते, अनुभव होता, कीर्ती होती. पण ती खुर्ची भारतीयाला मिळावी, असा तो काळ नव्हता. सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली. नवी दिल्ली येथे राजधानीच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा सचिवालयातील दालने सजविण्याचे काम मुंबईच्या कलावंतांकडे आले. त्यांपैकी कायदेखात्याच्या सदस्याच्या दालनासाठी धुरंधरांनी चित्रे रंगविली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

अखेरीस १९३० साली, सेवेचे थोडेच दिवस उरले असताना, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या संचालकपदाची सूत्रे काही काळ त्यांच्या हाती आली. संस्थेच्या स्थापनेस सत्तरांहून अधिक वर्षे लोटली होती आणि त्या पदावर बसणारे धुरंधर हे पहिलेच भारतीय होते. मान मोठा खरा; पण तो किती उशिरा आला, हेही विसरून चालणार नाही. पुढील वर्षीच ते निवृत्त झाले. असे असूनही त्यांच्या वृत्तीत कडवटपणा शिरला नाही. त्या कलाशाळेला त्यांनी मंदिर मानले होते. विद्यार्थी व शिक्षक म्हणून तेथे घालविलेल्या आयुष्याची कथा त्यांनी मराठीत लिहिली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मवृत्ताचे नाव ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ असे आहे. चित्रकाराने मराठीत लिहिलेल्या मोजक्या जुन्या आत्मवृत्तांत त्याची गणना होते आणि त्या काळच्या कलाजीवनाची माहिती हवी असणाऱ्यास आजही त्याच्याकडेच वळावे लागते.

धुरंधरांच्या घरातही कलेचा वारसा चालू राहिला. त्यांची कन्या अंबिका हिच्या ठिकाणी लहानपणीच चित्रकलेची आवड दिसून आली. मुलींनी चार बुके शिकावी की नाही, ह्याविषयीच जेथे घरोघर वाद होत, अशा त्या काळात धुरंधरांनी कन्येस आपल्याच कलाशाळेत घातले. तिने तेथील पदविका मिळविली व चित्रकार म्हणून स्वतःचे नाव केले. आयुष्यभर ज्याने स्त्रियांचे जीवन रंगविले, त्याने आपल्या कन्येच्या हाती कुंचला दिला, ही गोष्ट त्याच्या अनेक चित्रांइतकीच सुंदर आहे. अंबिकाबाईंनी दीर्घायुष्य लाभून २००९ सालापर्यंत पित्याच्या स्मृती जपल्या.

१ जून १९४४ रोजी मुंबई येथे धुरंधरांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्याहत्तर वर्षांचे होते. देश स्वतंत्र झालेला पाहण्यास ते तीन वर्षे कमी पडले. पुढे चित्रकलेत नवे वारे वाहू लागले. तरुण चित्रकारांनी जुनी वास्तववादी पद्धत टाकून दिली आणि धुरंधरांचे नाव बराच काळ मागे पडले. तथापि खऱ्या कामाची आठवण काळाला पुन्हा होतेच. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा नव्या पिढीला ह्या चित्रकाराची नव्याने ओळख पटली. जी पागोटी आज कोणी बांधत नाही, जे दागिने आज कोणी घालत नाही, ज्या वाड्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत, ते सारे त्या चित्रांतून पुन्हा डोळ्यांपुढे आले.

आज महाराष्ट्रातील गावोगावची मुले एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. समोर ठेवलेला तांब्या, फुलाची डहाळी किंवा बाजारातील प्रसंग ती कागदावर उतरवितात. त्या प्रत्येक मुलाच्या पुढे तोच धडा असतो, जो कोल्हापूरच्या एका मुलाने जन्मभर गिरविला: आधी नीट पाहावे, मग हात चालवावा. भोवतालची साधी माणसे व त्यांचे रोजचे काम हे चित्राच्या योग्यतेचे आहे, असे धुरंधरांनी मानले आणि पन्नासांहून अधिक वर्षे त्या श्रद्धेने काम केले. म्हणूनच ज्या स्त्रीपुरुषांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत, त्यांचे चेहरे मात्र आपल्याजवळ उरले आहेत.